बुक्का लावण्याइतकं अंतर

बुक्क्याचा वास मोठा मायाळू. देवळातल्या गर्दीत, घामात, समईच्या तेलात तो मिसळतो आणि सगळ्यांना आपलंसं करून घेतो. एकच वास असा आहे की जो त्याला झाकता येत नाही, आणि ही गोष्ट कावेरी गुरवला जितकी ठाऊक होती तितकी दुसऱ्या कुठल्या कीर्तनकाराला असेल असं वाटत नाही.

मिरजेच्या गुरवांच्या घराण्यात एक रीत चालत आलेली. पूर्वरंग संपला, नामाचा गजर झाला, की तबलजी जागा सोडून उठतो, बुवांच्या कपाळी बुक्का लावतो, पायांवर डोकं ठेवतो. बुवाही त्याला बुक्का लावतात, उराशी धरतात, आणि मग उत्तररंगाचं आख्यान उभं राहतं. नारदाच्या गादीवर जो उभा तो मोठा. तिथे बापसुद्धा लेकाच्या पाया पडतो. कावेरी गादीवर उभी राहिली की तिचा नवरा दिगंबर तिला ‘बुवा’ म्हणायचा. घरात ‘अगं’ असेल, ‘ऐकतेस का’ असेल, इथे फक्त बुवा. ते म्हणताना त्याचा चेहरा असा काही उजळायचा की बघणाऱ्या बाया एकमेकींना कोपर मारत. काय भाग्याची जोडी!

बघणाऱ्याला एवढंच दिसायचं. बुक्का लावायला दिगंबर पुढे झुकला की कावेरी ओठ मिटून हळूच श्वास आत ओढायची. दोन कपाळांत वीतभर अंतर, आणि तेवढ्यात ती शोधून घ्यायची, आज आहे की नाही. वेलचीचा वास आला की समजायचं, आहे. दिगंबर दारूवर वेलची चघळायचा. देवाच्या दारातल्या नमस्काराची तिने झडती करून टाकली होती. ह्या पापाचं तिला फार वाटे, देवापुढे ती त्याची माफीही मागे, पण पुढच्या कीर्तनात श्वास पुन्हा आपला आपण ओढला जाई.

मग एका उन्हाळ्यात दिगंबरला रक्ताची उलटी झाली. दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले, “यकृतानं ह्या वेळी माफ केलंय. पुन्हा सुरू केलीत तर ते माफ करणार नाही, आणि आमच्याही हातात काही राहणार नाही.” दिगंबर घाबरला. त्याने दारू सोडली, आणि डॉक्टरांनी त्याच्या गळ्याच्या हाडाखाली टिकली लावली.

टिकली हे लोकांनी पाडलेलं नाव. कागदोपत्री तिला काहीतरी भारदस्त नाव होतं. रुपयाएवढी, कातडीच्या रंगाची ती पट्टी घाम चाखायची आणि रक्तातल्या ताणाची मोजदाद ठेवायची. तिच्या पोटात केसाहून बारीक सुया आणि थेंबभर औषध असे. ताण चढू लागला, आणि त्यामागून दारूची तहान येणार असं दिसलं, की ती ते औषध सोडायची. त्या वर्षांत गावोगाव लोकांच्या गळ्याखाली अशा टिकल्या दिसू लागल्या होत्या. दारूची दुकानं उघडी होती तशीच उघडी होती, पण निदान सोडणाऱ्याच्या हाताशी काहीतरी आलं होतं.

दिगंबरला लावली तेव्हाच डॉक्टरांनी कावेरीलाही एक टिकली दिली. नुसती मोजणारी, औषध नसलेली. “घरच्यांचीही नोंद लागते,” एवढंच सांगितलं. तिने लावली. श्रावण लागायच्या आधी ग्रंथींच्या डॉक्टरांकडून दोघांना बोलावणं आलं.

मिरजेत एका गल्लीत तंबोरे बनतात आणि पुढच्या गल्लीत माणसं दुरुस्त होतात. ग्रंथींच्या डॉक्टर नसीमा मुजावर ह्या दोन्ही गल्ल्यांच्या. त्यांचे आजोबा तार गुंजावी म्हणून तंबोऱ्याची जवारी लावायचे. त्यामुळे समजावताना डॉक्टरबाई तारांच्या भाषेत बोलत, आणि कावेरीला ते बरं वाटे.

“तुमची मूत्रपिंडं आहेत ना ताई, त्यांच्या डोक्यावर एकेक छोटीशी टोपी असते,” त्यांनी पडद्यावर चित्र दाखवलं. “अधिवृक्क ग्रंथी. संकट दिसलं की मेंदूच्या तळातून हाक निघते, ती पियूषिका ग्रंथीकडे जाते, तिथून रक्तातून ह्या टोप्यांपर्यंत. मग ह्या कॉर्टिसॉल सोडतात. रक्तात साखर वाढते, कान टवकारतात, माणूस उभा राहतो. संकट टळलं की तेच कॉर्टिसॉल मेंदूला कळवतं, बास आता. तार उतरते. एवढं साधं आहे सगळं.”

“आणि दारू?” दिगंबरने विचारलं. त्याला ह्या विषयात रस होता असं नाही, पण आपली लाज कुणीतरी शास्त्राच्या शब्दांत सांगावी, असं त्याला वाटत असावं.

“दारू प्रत्येक घोटाला खुंटी पिळते. पिणाऱ्याला वाटतं आपण निवांत झालो. आत त्या टोपीला चाबूक बसत असतो. सकाळी चढायचं, रात्री उतरायचं, ही कॉर्टिसॉलची रोजची लय असते. वर्षानुवर्षं प्यायलं की ती लय मोडते. मग दारू बंद केली तर तार उतरायच्या ऐवजी आणखी ताणली जाते. हात कापतात, घाम फुटतो, झोप उडते. आणि पुढं कित्येक महिने जरा कुठं खुट्ट झालं की तहान लागते. ती तहान दारूची कमी आणि तार उतरावी ह्याची जास्त.”

मग त्यांनी पडद्यावर दोन रेघा आणल्या. एक लाल, एक निळी. निळी दिगंबरची. दिवेलागणीला दोन्ही रेघा चढत होत्या. आधी लाल, आणि तिच्या पाठोपाठ, दोन पावलं मागे, निळी.

“लाल तुमची आहे ताई.”

कावेरीने पडद्याकडे पाहिलं. संध्याकाळी फाटक वाजलं की तिचे हात गार पडत. तो चपला कशा काढतो, ह्यावरून रात्र कशी जाणार ते तिला कळे. दारू सुटून इतके दिवस झाले तरी कान फाटकाकडेच. हे आपल्या मनात आहे असं ती समजत होती. ते रेघेत उतरलं होतं.

“ह्यांच्या धंद्याचाच परिणाम,” डॉक्टर म्हणाल्या. “तबलजी तुमच्या श्वासावर कान ठेवून जगलाय. तुम्ही घाबरलात की ह्यांच्या ग्रंथींना तुमच्या तोंडून शब्द निघायच्या आधी कळतं.”

“म्हणजे इथंसुद्धा मी साथच करतोय की,” दिगंबर म्हणाला. डॉक्टरबाईंना हसू आलं. कावेरीला आलं नाही.

“मी थेंबाला शिवले नाही कधी,” ती म्हणाली. “आणि बिघडल्या माझ्या ग्रंथी?”

“घोट ह्यांनी घेतले ताई. पण तुमच्याही ग्रंथी इतकी वर्षं तीच दारू पीत होत्या.” डॉक्टरांनी निळ्या रेघेवर बोट ठेवलं. “ह्यांचं औषध आता वाढवता येत नाही, ह्यांच्या ग्रंथी थकल्यात. पण तुमची रेघ खाली आली तर ह्यांची आपोआप येईल. जोडउपचार म्हणतात त्याला. तुमच्या टिकलीत औषध भरायचं. मेंदूची हाक खाली पोचू देत नाही ते. चांगले निकाल आहेत. घरातली भांडणं निम्म्यावर येतात.”

दिगंबर कावेरीकडे बघत नव्हता. मांडीवर त्याची बोटं अडखळत ठेका धरत होती. त्याच्या बोटांचा इतका धीर सुटलेला तिने कधी पाहिला नव्हता.

“भरा,” ती म्हणाली.

घरी पेटीचा भाता पुसत बसलेल्या सरूआक्काने हे ऐकलं आणि फडकं खाली टाकलं. सरूआक्का ही दिगंबरची थोरली बहीण. नवरा गेल्यावर माहेरी आली, ती पेटी घेऊनच. कावेरीच्या प्रत्येक कीर्तनाला साथ तिची, आणि जीभ पेटीहून तिखट.

“आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी!” ती म्हणाली. “पिणार हा, आणि औषध टोचायचं हिला? असली डॉक्टरकी कुठं शिकवतात गं?”

“आक्का, ह्यांना बरं वाटावं म्हणून…”

“ह्याला बरं वाटावं म्हणून तू काय काय केलंस ते मला सांगू नकोस. पेटी मी वाजवते, डोळे काही बंद नसतात माझे. बुक्का लावताना तुझ्या नाकपुड्या कशा फुलतात ते मला दिसतं.”

कावेरीने फडकं उचलून पेटीवर ठेवलं. दिगंबर मागच्या दारात उभा होता. त्याने ते ऐकलं की नाही, हे तिला त्या वेळी कळलं नाही.

टिकलीने काम सुरू केलं आणि खरं सांगायचं तर पहिले दिवस सोन्याचे गेले. कावेरी झोपू लागली. फाटक वाजलं तर वाजलं. दिगंबर बाजारातून उशिरा आला तर ती म्हणे, “आलात का? भाकरी झाकून ठेवलीय.” आणि खरोखर तेवढंच मनात असे. निळी रेघ लाल रेघेच्या मागोमाग खाली आली, सपाट झाली. दिगंबरने तबल्याला शाई लावून आणली, तो नवे बोल बसवू लागला. शेजारीपाजारी म्हणू लागले, गुरवांच्या घरात देव आला.

एकच खोट होती, आणि ती आधी कावेरीच्या ध्यानातही आली नाही.

तिचं गाजलेलं आख्यान नीलकंठाचं. समुद्र घुसळला, आणि अमृताच्या आधी विष वर आलं. देव पळाले, दानव पळाले, महादेव पुढे झाले आणि ते विष त्यांनी ओंजळीत घेतलं. गिळलं तर पोटातलं विश्व जळेल, थुंकलं तर बाहेरचं. म्हणून गळ्यात धरून ठेवलं. त्या ठिकाणी कावेरीचा आवाज कापायचा. दरवेळी, न ठरवता. त्या कापण्यावर अख्खी सभा श्वास रोखून बसायची, आणि मग तिने नामाचा गजर उचलला की म्हातारेकोतारे डोळे पुसत टाळ्या धरायचे.

श्रावणातल्या कीर्तनात ती त्या जागी आली आणि आवाज कापला नाही. सूर नीट लागला, शब्द स्पष्ट आले. सभेने ऐकून घेतलं. कीर्तन संपल्यावर पायांवर डोकं ठेवायला आलेली एक म्हातारी तिचा हात धरून म्हणाली, “बुवा, आज सगळं ऐकू आलं हो. शब्दन् शब्द.” आणि जरा वाट बघून, आणखी काहीतरी मिळायचं राहिलंय अशा चेहऱ्याने, ती पायऱ्या उतरून गेली.

अंगावर काटा येणं, कंठ दाटणं, ह्यालाही त्याच टोप्यांची हाक लागते. भीतीचा आणि भक्तीचा रस्ता शरीरात काही अंतर एकच आहे, हे कावेरीला कुणी सांगितलं नव्हतं. तिने मनाशी एवढंच म्हटलं, वय झालं असेल. तेही तिला खटकलं नाही. काहीच खटकत नव्हतं.

नवरात्रात कृष्णाकाठच्या एका गावी कीर्तन लागलं. निघायच्या आधी फोनवर टिकलीचा निरोप आला होता, दिगंबरच्या पट्टीशी संपर्क तुटला आहे. कावेरीने तो वाचला. तुटला असेल, म्हणाली, आणि उपरणं घडी करून पिशवीत ठेवलं.

पूर्वरंग छान झाला. गजर झाला. दिगंबर उठला, बुक्क्याची वाटी घेऊन समोर आला, झुकला.

वेलची. आणि वेलचीच्या खाली तोच वास.

तिने त्याला बुक्का लावला, उराशी धरलं, हसली. आणि उत्तररंगाला उभी राहिली.

कीर्तन आटोपल्यावर देवळामागच्या आडाशी सरूआक्काने तिचा दंड धरला. आक्काची बोटं थंडगार होती.

“तुला वास नाही आला?”

“आला की.”

“आला?”

“आला. वेलचीचा, दारूचा.”

“आणि तू हसलीस कावेरी! मला पेटीवर दोन सूर चुकले. माझा जीव उडून गेला, डॉक्टर काय म्हणालेत ते आठवून. आणि तू हसलीस!”

कावेरीने आठवून पाहिलं. हो, वास आला होता. ढग आले म्हणजे पाऊस येईल, असं जसं कळतं, तसं कळलं होतं. यकृत माफ करणार नाही, हेही आठवलं होतं. दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि एकमेकींना ओळखत नव्हत्या. ती आत्तासुद्धा घाबरली नाही. तिला फक्त समजलं, आडाच्या पाण्यात आपलं तोंड दिसावं तसं स्वच्छ समजलं, की आपला नवरा आपल्या डोळ्यांदेखत मरू शकेल आणि आपण त्याला भाकरी झाकून ठेवू.

“आक्का,” ती म्हणाली, “मला भीती वाटत नाहीये.”

सरूआक्का रडू लागली. “अगं, तेच तर म्हणतेय मी.”

दिगंबर पायरीवर बसला होता, तबल्यांना गवसणी घालत. कावेरी त्याच्या शेजारी जाऊन बसली. वर सभामंडपात आरतीची ताटं उचलत होते.

“टिकली कुठंय तुमची?”

“आंघोळीला काढली. लावली नाही.” त्याने गवसणीची नाडी ओढली, सोडली, पुन्हा ओढली. “कारण विचारू नकोस. पिणाऱ्याकडं कारणं कधी संपत नाहीत. सकाळी उठलो, तहान नव्हती, ताण नव्हता, काही नव्हतं. गावात शिरताना दुकान दिसलं आणि पाय वळले. सवय मेली नव्हती, झोपली होती.”

“मग?”

“मग पहिला घोट घेताना वाटलं, हिला कळणारच. बुक्का लावताना कळेल. त्या दिवशी आक्का बोलली ते ऐकलंय मी. आणि त्याआधीही ठाऊक होतं मला. तुझा श्वास चोरून आत जातो, तो मला ऐकू येतो कावेरी. अहोरात्र तेवढंच तर ऐकत आलोय. वाटलं, तो श्वास गेला की तुझं तोंड पांढरं पडेल, आणि तिथंच मी बाटली सोडेन. इतकी वर्षं असंच वाटत आलंय. तुझी भीती बघितली की दोन दिवस लाज वाटायची, मग पुन्हा यायची तहान. पण दोन दिवस तरी वाटायची.” त्याने नाडीची गाठ मारली. “आज तू हसलीस. तेव्हा कळलं, आता मला धरायला कुणी नाही.”

कावेरीला राग यायला हवा होता. त्या रागाची जागा तिला आत चाचपून सापडली, पण ती जागा रिकामी होती. म्हणून जे रागाने म्हणायचं ते तिने सपाट आवाजात म्हटलं, आणि त्यामुळेच कदाचित दिगंबरला ते जास्त लागलं.

“मी घाबरले की तुम्ही पिणार, म्हणून मला शांत केलं. मी शांत झाले, तर तुम्हाला धरायला कुणी नाही म्हणून पिणार. मग मी कुठं उभी राहू ते सांगा. देवानं मला ह्या टोप्या माझ्या जिवासाठी दिल्यात. तुमच्या लगामासाठी नाही.”

दिगंबरने मान खाली घातली. गवसणीतल्या डग्ग्यावर त्याने तळवा ठेवला होता, आवाज होऊ नये तसा.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर मुजावरांच्या दवाखान्यात बाकावर पाच-सहा बायका बसल्या होत्या. सगळ्यांच्या गळ्याखाली टिकल्या. कुणी घाई करत नव्हतं, कुणी कुरकुरत नव्हतं. कावेरीच्या शेजारच्या बाईच्या गालावर जखमेचा हिरवट डाग होता.

“काय झालं हो?” कावेरीने विचारलं.

“मालकांनी मारलं परवा,” ती बाई म्हणाली. बस चुकली हे जसं सांगावं तसं. “तुमचा नंबर कितवा?”

दिगंबरला घेऊन आत गेल्यावर कावेरीने स्वतःचं काही सांगायच्या आधी ते सांगितलं. डॉक्टरबाई ऐकत राहिल्या. मग उठून त्यांनी खिडकीचा पडदा सारखा केला, जो सारखाच होता.

“भांडणं निम्म्यावर आली,” त्या म्हणाल्या. “तेच आम्ही यश म्हणून मांडलं. परिषदेत टाळ्या पडल्या. भांडण का थांबलं, हे विचारलं नाही कुणी. मीही नाही.” त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. “तार खाली आणायची म्हणून आम्ही तारच काढून ठेवली ताई. आजोबा असते तर त्यांनी मला दुकानातून हाकललं असतं.”

“माझी काढा.”

“काढणारच. पण एकदम नाही. हाक येईना म्हणून तुमच्या ग्रंथी निजल्यात. औषध एकाएकी थांबवलं आणि ताप आला, उलट्या झाल्या, तर शरीर उभंच राहणार नाही. रक्तदाब कोसळेल. थोडं थोडं कमी करायचं. आणि ताई, हळूहळू सगळं परत येईल. फाटकही परत येईल.”

“येऊ दे.”

“ह्यांचं काय?” डॉक्टरांनी दिगंबरकडे पाहिलं. “ह्यांची रेघ पुन्हा चढेल. तहानही चढेल. दिगंबरराव, तुम्ही तुमची टिकली लावा पुन्हा, पण ती एकटी पुरणार नाही, हे आता तरी मी स्पष्ट बोलते. आमच्याकडं मंगळवारी दारू सोडलेल्यांची बैठक असते. तिथं बसावं लागेल, बोलावं लागेल. बायकोच्या तोंडावर आपली लाज वाचायची सवय मोडावी लागेल.”

“तिची भीती ऐकायची आणि पळायचं नाही,” दिगंबर म्हणाला. “असंच ना?”

“असंच.”

“हा ठेका अवघड आहे हो,” तो म्हणाला. ह्या वेळी कुणी हसलं नाही. बाहेर पडताना डॉक्टरबाई त्यांच्या आधी दार उघडून बाकाकडे गेल्या आणि गालावर डाग असलेल्या बाईसमोर खाली बसून तिच्याशी बोलू लागल्या.

परतीची वाट कशी होती ते सरूआक्काला विचारावं. औषध कमी होत गेलं तसा कावेरीला थकवा आला, तोंडाची चव गेली, उठताना भोवंड येई. आणि मग कार्तिकातल्या एका संध्याकाळी ती तुळशीपाशी दिवा लावत असताना फाटक वाजलं, आणि तिचे हात गार पडले. काडी विझली. कान चपलांकडे गेले. ती तिथेच वृंदावनाच्या कट्ट्याला टेकून रडली. भीती परत आली म्हणून रडली, की आपण परत आलो म्हणून, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. दिगंबर फाटकाशी उभा राहिला. पूर्वी अशा वेळी तो एकतर चिडायचा नाहीतर बाहेर निघून जायचा. आता त्याला तहान चढलेली तिला दिसत होती. तो दोन पावलं मागे सरला. मग कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला येऊन बसला. त्याच्या कपाळावर घाम होता. काडेपेटी घेऊन त्याने दिवा लावला, आणि त्यालाही दोन काड्या लागल्या.

“बसा की अशीच, भुतं बसल्यासारखी,” आतून आक्का ओरडली. “आमटी गार झाली!”

मध्ये एकदा तो मंगळवार चुकवून कुठेतरी गेला आणि रात्र होईतो आला नाही. आला तो पिऊन नव्हता, पण कुठे होता तेही सांगेना. कावेरी त्याच्यावर अशी ओरडली की शेजारच्यांनी दिवे लावले. गुरवांच्या घरातला देव गेला, असंही कुणी म्हणालं म्हणे.

महाशिवरात्रीला नीलकंठाचं आख्यान तिच्याकडेच होतं. घरात सगळ्यांचा कडक उपास. पाण्याखेरीज तोंडात काही नाही. सभामंडप भरला होता, श्रावणातली ती म्हातारीही पहिल्या ओळीत येऊन बसली होती. पूर्वरंगात कावेरीचं लक्ष दोनदा तबल्याकडे गेलं. दिगंबरचा चेहरा ओढलेला होता. तो उपासाने, की आणखी कशाने? दुपारी तो तासभर घरात नव्हता. फुलं आणायला गेलो होतो, म्हणाला. फुलं होती हातात. पण फुलांना तासभर?

गजर झाला. दिगंबर बुक्क्याची वाटी घेऊन उठला. तो समोर आला, झुकू लागला, आणि तिचे ओठ आपले आपण मिटले.

तो वीतभर अंतरावर थांबला. बुक्का लावायला उचललेला हात त्याने तसाच ठेवला, आणि सभेला दिसणार नाही असं, तोंड उघडून सबंध श्वास तिच्या तोंडावर सोडला. सावकाश, तळापासून.

“बुवा,” तो पुटपुटला, “चोरून नको. मी देतोय.”

शिळा, आंबूस श्वास. दिवसभर उपाशी राहिलेल्या माणसाच्या तोंडाला येतो तसा. त्यात वेलचीसुद्धा नव्हती.

त्याने तिच्या कपाळी बुक्का लावला आणि पायांवर डोकं ठेवलं. तिने त्याला उठवलं, त्याला बुक्का लावायला गेली तर निम्मा बुक्का त्याच्या नाकावर सांडला. मागे पेटीवर आक्काने नाक ओढलेलं माइकमध्ये सगळ्यांना ऐकू गेलं. उद्याचं महादेवाला ठाऊक. आजचा श्वास आजचा होता, तेवढा तिने घेतला.

दिगंबर जागेवर जाऊन बसला. आक्काने सूर धरला. कावेरीने गादीवर पाय रोवले, समुद्र घुसळायला घेतला, आणि विष वर येऊन महादेवांच्या ओंजळीत पडलं, तशी ती त्या जागेपाशी आली. आवाज कापला. कापला तो इतका, की तुटतो की काय असं वाटलं. पहिल्या ओळीतली म्हातारी पुढे सरकली.

ठेका धरून सावरून घेणं, त्या फटीवर एक तुकडा टाकून वेळ मारून नेणं, हे तबलजीच्या हातातलं काम. दिगंबरने तसं केलं नाही. दोन्ही तळवे डग्ग्यावर ठेवून तो तिच्याकडे बघत थांबला, तिचा श्वास पुरा होईपर्यंत.